भाराचा खांदेपालट : क्रोम ओएस या कार्यप्रणालीची चिकित्सा

प्रस्तावना

७ जुलै २००९ रोजी गूगल या अमेरिकी कंपनीने संगणकासाठी एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. वेग, साधेपणा आणि सुरक्षितता ही तिची तीन उद्दिष्टे सांगण्यात आली. वापरकर्त्याचा बहुतेक वेळ ब्राउझरमध्येच जात असेल, तर संगणकात ब्राउझरखेरीज फारसे काही असण्याची गरजच काय, हा त्या संकल्पामागील विचार होता. त्यातून साकारलेली क्रोम ओएस ही प्रणाली 'हलकी' म्हणून ओळखली गेली आणि हे विशेषण तिच्या परीक्षणांत, तसेच शिक्षणसंस्थांच्या खरेदीविषयक चर्चेत जवळजवळ निर्विवाद गुण म्हणून वावरत राहिले.

या विशेषणाची चिकित्सा करण्याची वेळ आता महाविद्यालयांवर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबवले. बरेच जुने संगणक विंडोज ११च्या तांत्रिक अटी पूर्ण करू शकत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण त्यावरील प्रणाली निवृत्त झाली आहे, अशी ही अवस्था. अशा यंत्रांसाठी गूगलने २०२२ मध्ये विनाशुल्क उपलब्ध करून दिलेली क्रोम ओएस फ्लेक्स ही आवृत्ती स्वाभाविकपणेच आकर्षक वाटते. तथापि, एखादी वस्तू विनाशुल्क आणि हलकी आहे, एवढ्यावरून तिचा स्वीकार करावा काय, हा प्रश्न उरतोच.

क्रोम ओएसमध्ये संगणकाचा भार नाहीसा होत नाही, त्याचा खांदेपालट होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. यंत्रावरून उतरलेला भार नेटवर्कवर, कंपनीच्या सर्व्हरवर, संस्थेच्या अंदाजपत्रकावर आणि अंतिमतः विद्यार्थ्यावर जातो. त्यामुळे या प्रणालीचे मूल्यमापन करताना यंत्र किती हलके झाले हे पाहून भागत नाही. तो भार कोणी, किती काळ आणि कोणत्या अटींवर उचलला आहे, हे तपासावे लागते.

पूर्वपीठिका

संगणनाची शक्ती एका ठिकाणी आणि वापरकर्ता दुसऱ्या ठिकाणी, ही रचना क्रोम ओएसच्या आधी कित्येक दशके अस्तित्वात होती. १९६०च्या दशकातील कालविभाजन पद्धतीत एक मोठा संगणक अनेक टर्मिनलांवरून वापरला जात असे. १९८०च्या दशकात वैयक्तिक संगणकाने ही शक्ती वापरकर्त्याच्या मेजावर आणली. त्याच दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने नेटवर्क हाच संगणक, असे सूत्र मांडले. १९९५-९६च्या सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी 'नेटवर्क कॉम्प्युटर' या स्वस्त आणि बहुतांशी सर्व्हरवर विसंबणाऱ्या यंत्राचा पुरस्कार केला. तथापि, त्या काळातील नेटवर्क मंद होते, आणि वैयक्तिक संगणकाच्या किमती वेगाने उतरत होत्या. परिणामी ती कल्पना बाजारात रुजली नाही.

पुढील दहा-बारा वर्षांत परिस्थिती पालटली. जीमेल २००४ मध्ये, गूगल डॉक्स २००६ मध्ये आणि क्रोम ब्राउझर सप्टेंबर २००८ मध्ये आले. पाने दाखवणारे साधन ही ब्राउझरची ओळख मागे पडली आणि तो आज्ञावली चालवणारे व्यासपीठ बनला. नोव्हेंबर २००९ मध्ये गूगलने या प्रणालीची मूळ आज्ञावली 'क्रोमियम ओएस' या नावाने खुली केली. डिसेंबर २०१० मध्ये 'सीआर-४८' हा प्रायोगिक लॅपटॉप निवडक लोकांना देण्यात आला, आणि जून २०११ मध्ये सॅमसंग व एसर यांची क्रोमबुके विक्रीस आली. सीआर-४८च्या कळफलकावर कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ बसवलेली होती. हा बदल किरकोळ भासला, तरी तो सूचक आहे. लिहिणे हे यंत्राचे प्रधान कार्य मानणाऱ्या परंपरेतील एक कळ काढून तिथे शोधणे आणून ठेवण्यात आले, आणि तो शोध यंत्राबाहेरच्या जगात घ्यावयाचा होता.

रचना आणि तिचे गुण

टीका करण्यापूर्वी या प्रणालीचे श्रेय तिला दिले पाहिजे. क्रोम ओएस लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे. तिचा प्रणालीविषयक भाग केवळ वाचता येईल अशा स्वरूपात ठेवलेला असतो. त्याच्या दोन प्रती यंत्रात असतात. एक वापरात असताना दुसरीवर अद्ययावत आवृत्ती उतरवली जाते आणि यंत्र पुन्हा सुरू होताच ती कार्यान्वित होते. क्रोमबुक सुरू होताना प्रणालीत कोणी फेरफार केला आहे काय, याची टप्प्याटप्प्याने पडताळणी होते. दोष आढळल्यास यंत्र शुद्ध प्रतीकडे वळते. प्रत्येक वापरकर्त्याची माहिती स्वतंत्रपणे कूटबद्ध केली जाते. ब्राउझरमधील पाने एकमेकांपासून विलग ठेवली जातात, त्यामुळे एका पानातील दुष्ट आज्ञावलीला संपूर्ण यंत्र ताब्यात घेणे दुष्कर होते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने या गुणांचे मोल मोठे आहे. पेन ड्राइव्हमधून शिरणारे विषाणू, कालबाह्य विषाणूरोधक आज्ञावल्या, प्रत्येक सत्राच्या आरंभी यंत्रे पुन्हा घडवण्याची कटकट, हे प्रयोगशाळा साहाय्यकाचे नित्याचे दुखणे आहे. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली क्रोम ओएसवर मुळात चालतच नाही, त्यामुळे या दुखण्याचे मोठे कारण दूर होते. सशुल्क व्यवस्थापन सेवा घेतल्यास चाळीस यंत्रांची मांडणी एका जागेवरून करता येते. जुन्या यंत्राचा सुरू होण्याचा वेळही लक्षणीयरीत्या घटतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. क्रोमबुकमध्ये गूगलची स्वतंत्र सुरक्षा-चिप असते. जुन्या संगणकावर बसवलेल्या फ्लेक्स आवृत्तीला तिचा आधार नसतो, त्यामुळे पडताळणीची ती व्यवस्था तिथे त्याच स्वरूपात मिळत नाही. अँड्रॉइडची ॲप्सही फ्लेक्सवर चालत नाहीत. म्हणजे क्रोमबुकविषयी वाचलेली प्रत्येक प्रशंसा प्रयोगशाळेतील जुन्या डेस्कटॉपला लागू पडेलच, असे नाही.

नेटवर्कवर गेलेला भार

पहिल्या क्रोमबुकांत साठवणुकीची जागा अवघी १६ जीबी होती, आणि फाइल हाताळण्याची सोय जेमतेम होती. सारे काम इंटरनेटवर होणार हे गृहीत होते. हे गृहीतक किती नाजूक आहे, हे विक्री सुरू होताच उघड झाले. इंटरनेट नसताना जीमेल वाचण्याची सोय २०११च्या उत्तरार्धात पुरवावी लागली. २०१२ मध्ये पूर्ण पडदा व्यापणाऱ्या ब्राउझरच्या जागी नेहमीच्या खिडक्या आणि डेस्कटॉप परतले. २०१६ मध्ये अँड्रॉइडची ॲप्स आणि २०१८ मध्ये लिनक्सच्या आज्ञावल्या चालवण्याची व्यवस्था जाहीर झाली. या क्रमाकडे प्रगती म्हणून पाहता येते. परंतु ब्राउझर पुरेसा आहे या मूळ प्रतिज्ञेची ती क्रमशः माघारही आहे. प्रणालीने जे वजन टाकून दिले होते, ते तिला एकेक करून पुन्हा उचलावे लागले.

दुसरी बाब वेब-पानांची. प्रणाली हलकी ठेवली, तरी तिच्यावर उघडणारी पाने हलकी राहिलेली नाहीत. आजचे एक पान चित्रफिती, जाहिराती आणि लांबलचक आज्ञावल्या घेऊन येते. फ्लेक्ससाठी किमान ४ जीबी स्मृती सांगितलेली आहे. तेवढ्या स्मृतीच्या यंत्रावर एका वेळी बरीच पाने उघडली की हलकेपणाचा अनुभव ओसरू लागतो. प्रणालीकर्त्याने वाचवलेली स्मृती पानकर्त्याने खर्च केली, असा हा हिशेब आहे.

महाविद्यालयात तासिका सुरू होताच चाळीस विद्यार्थी एकाच वेळी प्रवेश करतात. पारंपरिक प्रयोगशाळेत इंटरनेट खंडित झाले तरी सी भाषेतील आज्ञावली लिहिता येते, तक्ता तयार करता येतो. वेबवर विसंबलेल्या प्रयोगशाळेत मात्र जोडणी तुटली की बहुतांश तासिका तुटते. ऑफलाइन सोयी आहेत, पण त्या आधी जोडणी असताना सिद्ध करून ठेवाव्या लागतात. एकच संगणक आळीपाळीने अनेक विद्यार्थी वापरतात तिथे ही पूर्वसिद्धता प्रत्येक खात्यासाठी करणे व्यवहारात अवघड जाते. म्हणून यंत्रावर वाचलेला खर्च अखंड वीज आणि पुरेशा क्षमतेची इंटरनेट जोडणी यांकडे वळवावा लागतो. ग्रामीण आणि डोंगरी भागांतील महाविद्यालयांत हा विनिमय नेहमीच लाभाचा ठरेल, असे म्हणता येणार नाही.

आयुर्मर्यादेचा प्रश्न

महाविद्यालयात खरेदी झालेला संगणक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदला जातो. तिथे किंमत असते, खरेदीचा दिनांक असतो, पुरवठादाराचे नाव असते. निर्लेखनाची वेळ येते ती यंत्र नादुरुस्त झाल्यावर. क्रोमबुकच्या बाबतीत मात्र यंत्राचा एक अंत्यदिनांक उत्पादकाच्या बाजूने आधीच ठरलेला असतो. त्या दिनांकानंतर स्वयंचलित अद्ययावत आवृत्त्या बंद होतात. पडदा उजळतो, कळा चालतात, परंतु सुरक्षिततेची हमी संपते. आणि जी प्रणाली प्रामुख्याने इंटरनेटवरच जगते, तिच्या बाबतीत ही हमी संपणे गंभीर होय.

हा कालावधी पूर्वी बराच अल्प होता. २०२० मध्ये नव्या यंत्रांसाठी तो आठ वर्षांपर्यंत वाढवण्याचे जाहीर झाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांचे धोरण घोषित झाले. मधल्या काळात, एप्रिल २०२३ मध्ये, 'यूएस पीआयआरजी' या अमेरिकी ग्राहकहितवादी संघटनेने शाळांतील क्रोमबुकांच्या अल्पायुष्यावर अहवाल प्रसिद्ध केला होता. २०२०च्या महासाथीत घाईने घेतलेली यंत्रे थोड्याच वर्षांत टाकाऊ ठरू लागली होती. २०२० मध्ये विकल्या गेलेल्या क्रोमबुकांचे आयुष्य दुप्पट केल्यास अमेरिकी करदात्यांचे सुमारे १८० कोटी डॉलर वाचू शकतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता. धोरण बदलले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु यंत्राचे आयुष्य धोरणाने वाढू शकते, याचाच अर्थ असा की ते पूर्वी केवळ झिजेने ठरत नव्हते.

येथे खरेदी समितीने लक्षात घ्यावयाची बाब अशी की, हा कालावधी खरेदीच्या दिनांकापासून मोजला जात नाही. त्या यंत्राची मूळ घडण बाजारात आली तेव्हापासून तो मोजला जातो. सवलतीत मिळालेले जुने प्रतिमान चार वर्षे गोदामात पडलेले असेल, तर त्याच्या आयुष्यातील ती चार वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. फ्लेक्ससाठीही गूगल प्रमाणित प्रतिमानांची यादी ठेवते आणि त्यांपुढे साहाय्याची मुदत नमूद करते. निविदेतील तुलनात्मक तक्त्यात किमतीच्या स्तंभाशेजारी या अंत्यदिनांकाचा स्तंभ असावा. तसे न केल्यास सर्वांत कमी दराची निविदा प्रतिवर्षीच्या खर्चात सर्वांत महाग ठरण्याचा संभव आहे.

माहिती आणि स्वायत्तता

संगणकावरील फाइल आणि सर्व्हरवरील फाइल यांत वापराच्या दृष्टीने फरक जाणवत नाही. स्वामित्वाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी डिसेंबर २०१० मध्येच क्रोम ओएसवर या अंगाने टीका केली होती. आपली माहिती परक्याच्या यंत्रावर ठेवणारा तिच्यावरील नियंत्रण आणि काही प्रमाणात कायदेशीर संरक्षणही गमावतो, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. त्या वेळी तो अतिरेकी वाटला असेल. पुढील घटनांनी त्याला वजन प्राप्त करून दिले.

डिसेंबर २०१५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने शालेय क्रोमबुकांवरून विद्यार्थ्यांची माहिती गोळा होण्याविषयी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. जुलै २०२२ मध्ये डेन्मार्कच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळांतील क्रोमबुक व गूगल वर्कस्पेसच्या वापरावर निर्बंध घातले; ते पुढे स्थगित झाले, पण जानेवारी २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने ५३ नगरपालिकांना माहितीच्या हस्तांतरणाचा व्यवहार कायद्याशी सुसंगत करण्याचा आदेश दिला. या प्रकरणात प्राधिकरणाचा रोख प्रामुख्याने नगरपालिकेवर होता. साधने कंपनीची असली, तरी विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाल्यानंतर हा विचार येथील संस्थांनाही टाळता येणार नाही.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा संबंध प्रत्यक्ष आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, शाळा बंद असताना, राज्य शासनाने गूगलच्या शैक्षणिक सेवांच्या साहाय्याने ऑनलाइन अध्यापनाचा उपक्रम जाहीर केला. त्या संकटकाळात या सेवांनी अध्यापन चालू ठेवण्यास हातभार लावला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२१ मध्ये, शैक्षणिक संस्थांसाठी असलेली अमर्याद साठवणूक संपुष्टात आणून प्रत्येक संस्थेला १०० टीबीची सामायिक मर्यादा घालण्याचा निर्णय गूगलने जाहीर केला, आणि जुलै २०२२ पासून तो विद्यमान ग्राहकांना लागू झाला. निर्णय व्यापारी दृष्ट्या समजण्याजोगा असला, तरी संस्थेचा आपल्या दप्तरावरील अधिकार दुसऱ्याच्या धोरणाशी बांधला गेल्याचे तो दाखवतो.

या चर्चेत न्याय राखायचा, तर हे प्रश्न केवळ गूगलचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मायक्रोसॉफ्टची प्रणालीही आता वापरकर्त्याला ऑनलाइन खात्याकडे आणि सर्व्हरवरील साठवणुकीकडे वळवते. फरक इतकाच की अन्यत्र जी वृत्ती हळूहळू शिरली, ती क्रोम ओएसच्या रचनेत प्रथमपासून मूलभूत आहे.

अध्यापन आणि मराठीचा व्यवहार

साधनाचे मूल्य ते कोणत्या विषयासाठी वापरले जाते यावर अवलंबून असते. ग्रंथालयात कोहा यासारखी प्रणाली असेल, तर तालिका शोधण्यास ब्राउझर पुरतो. ऑनलाइन प्रवेश अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, व्याख्यानांच्या चित्रफिती, लेखन व सादरीकरण यांसाठीही क्रोम ओएस पुरेशी आहे. वाणिज्य विभागात मात्र टॅली शिकवावे लागते आणि ते विंडोजसाठी घडलेले आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला फाइल-व्यवस्था, प्रक्रिया, स्मृतीचे वाटप या गोष्टी केवळ पाठ करायच्या नसून पाहायच्या आणि प्रसंगी बिघडवूनही पाहायच्या असतात. जी प्रणाली बिघडू न देण्यातच आपले कौशल्य मानते, ती वापरण्यास उत्तम आणि शिकण्यास अपुरी ठरते. लिनक्सचा कप्पा उघडून ही उणीव काही अंशी भरून काढता येते. पण तो उघडू द्यायचा की नाही, हे व्यवस्थापकाच्या हाती असते.

मराठी विभागासाठी हा प्रश्न दुहेरी आहे. अनेक विभागांकडे वीस-पंचवीस वर्षांचे प्रबंध, नियतकालिकांचे अंक आणि प्रश्नसंच श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएम यांसारख्या विंडोजवरील साधनांत, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जतन केलेले आहेत. क्रोम ओएसवर ती साधने नाहीत. त्या फाइली ब्राउझरमध्ये निरर्थक अक्षरांच्या रूपात उघडतात. उलटपक्षी, ब्राउझरचे जग युनिकोडवर उभे असल्याने तिथे लिहिलेला मराठी मजकूर शोधता येतो, पाठवता येतो, कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. म्हणजे ही प्रणाली मराठीच्या भविष्यकालीन लेखनाला अनुकूल आणि तिच्या अलीकडच्या भूतकाळाला प्रतिकूल आहे. जुन्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर पूर्ण होण्यापूर्वीच प्रयोगशाळेतील सर्व विंडोज यंत्रे बदलणे म्हणजे आपल्याच कपाटाची किल्ली फेकून देणे होय.

या संदर्भात केरळचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने, जो पुढे 'काइट' या नावाने ओळखला गेला, शाळांसाठी लिनक्सची स्वतःच्या गरजेनुसार घडवलेली आवृत्ती स्वीकारली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. तिथेही भार होताच. तो शिक्षकाच्या खांद्यावर आला. परंतु जो भार शिक्षक उचलतो, तो ज्ञानाच्या रूपाने संस्थेतच राहतो. सर्व्हरकडे सोपवलेल्या भाराबाबत असे म्हणता येत नाही.

समारोप

क्रोम ओएस ही कुशलतेने रचलेली आणि आपल्या मर्यादेत विश्वासार्ह प्रणाली आहे. वाचनकक्ष, ग्रंथालयीन तालिका, अर्ज भरण्याची केंद्रे आणि सामान्य लेखन यांसाठी जुनी यंत्रे फ्लेक्सच्या साहाय्याने आणखी काही वर्षे उपयोगात आणणे शहाणपणाचे आहे; त्यातून खर्च वाचेल आणि ई-कचराही घटेल. मात्र संगणकशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या प्रयोगशाळेत तिला एकमेव प्रणाली म्हणून स्थान देणे उचित ठरणार नाही. तिथे लिनक्सची एखादी हलकी, खुली आवृत्ती अधिक श्रमाची, पण अधिक शिकवणारी ठरेल.

या निवडीत आणखी एक अनिश्चितता आहे. जून २०२४ मध्ये गूगलने क्रोम ओएसचा पाया अँड्रॉइडच्या अधिक जवळ नेण्याचे जाहीर केले, आणि २०२५ मध्ये दोन्ही एकाच व्यासपीठावर आणण्याचा मनोदय व्यक्त केला. ज्या प्रणालीचे रूपच पालटत आहे, तिच्यावर दहा वर्षांची योजना बांधताना माघारीची वाट मोकळी ठेवणे इष्ट. संस्थेच्या दप्तराची एक प्रत स्वतःजवळ असावी, रजिस्टरात प्रत्येक यंत्राचा अंत्यदिनांक नोंदलेला असावा आणि काही यंत्रे तरी इंटरनेटविना चालणारी असावीत.

प्रणालीच्या हलकेपणाचे मोजमाप स्मृतीच्या जीबीत किंवा सुरू होण्याच्या सेकंदांत करता येते, आणि त्या मापाने क्रोम ओएस उत्तीर्ण होते. शिक्षणसंस्थेचे माप याहून व्यापक असावे लागते. उतरवलेला भार जोवर आपल्याला दिसतो, त्याची किंमत जोवर आपण जाणून देतो आणि तो परत घेण्याची ताकद जोवर आपल्या खांद्यात शिल्लक असते, तोवरच हलकेपणा हा गुण होय.